बागेतली वाट कशाला वळते

धुरपताबाईंना फुलांचं कौतुक कधीच नव्हतं. मुदखेडच्या शिवारात गुलाब, काकडा, गलांडा यांचे मळे आहेत, आणि नांदेडच्या बाजारात ताजा माल पोचवायचा तर तोडणी उजाडता उजाडता उरकावी लागते. धुरपताबाईंची उभी जवानी दुसऱ्यांच्या मळ्यात ओणव्यानं फुलं तोडण्यात गेली. बोटांना काट्यांचे ओरखडे, पदर दवानं भिजलेला, आणि घरी आलं की लगेच भाकरी थापायच्या. ही फुलं कुणाच्या तरी हारात जातात, कुणाच्या तरी केसांत जातात, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी गुलाब म्हणजे टोपल्यात भरायची वस्तू. भेंडी तशी, कापूस तसा, गुलाबही तसाच.

त्यांचे यजमान ज्ञानोबा हनमंते रेल्वेत गँगमन होते. मुदखेड जंक्शनच्या आसपासचा रूळ त्यांनी उन्हातान्हात सांभाळला आणि तिथूनच निवृत्त झाले. नवराबायकोनं एक गोष्ट मात्र लग्न झाल्यापासून ठरवलेली होती. आपल्या हातातलं खुरपं, फावडं आपल्या लेकरांच्या हातात जाऊ द्यायचं नाही. लेकरं खुर्चीवर बसतील. त्यासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागला तर घेऊ.

धाकटी महामाया बारावीनंतर लातूरकडच्या एका कॉलेजात उद्यानविद्येला लागली. उद्यानविद्या म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणाला सांगता आलं नसतं. पण शेवटी ‘कृषी अधिकारी’ होता येतं एवढं कळलं, आणि तेवढं पुरलं. ज्ञानोबा स्टेशनावर चहा पिता पिता जुन्या सोबत्यांना सांगायचे, “लेक अधिकारी होणार हाय.”

डिग्री झाली आणि महामाया स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नांदेडला आली. एका अभ्यासिकेत तिनं जागा घेतली. अभ्यासिकेच्या मागं रिकामं परसू होतं. मोडक्या खुर्च्या, गाजरगवत, फुटका हौद. दुपारी वाचून डोळे थकले की ती मागं जायची आणि चार गवताची रोपं उपटायची. हळूहळू ती चारावर थांबेना. हौदाची माती तिनं बदलली, कुठूनतरी तगरीच्या काड्या आणून लावल्या, भिंतीच्या सावलीला अबोली लावली. काही महिन्यांत अशी वेळ आली की पोरं आतल्या पंख्याखालची जागा सोडून पुस्तकं घेऊन परसात बसायला लागली. अभ्यासिकेच्या मालकांनी हे एका डॉक्टरांना दाखवलं आणि डॉक्टरांनी तिला आपल्या दवाखान्यासमोरची जागा करायला बोलावलं.

परीक्षेचा निकाल कळला तेव्हा ती त्या दवाखान्यासमोर मोगऱ्याला आधाराच्या काड्या बांधत होती. यादीत तिचं नाव नव्हतं. तिनं मोबाईल बाजूला ठेवला आणि उरलेल्या काड्या बांधून टाकल्या. संध्याकाळी खोलीवर जाताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू आलंच नाही. उलट मोगऱ्याला आठवड्याभरात कळ्या धरतील का, याचाच विचार डोक्यात चालला होता.

त्याच सुमारास आरतीचा फोन आला. आरती तिची कॉलेजातली खोलीसोबतीण. लातूरजवळच्या गावची, वडील शेषेराव शेतकरी. चित्रं काढण्यात तिचा हात चांगला होता आणि बोलण्यात त्याहून चांगला.

“माया, काय करून राहिलीस?”

“मोगरा बांधून राहिले.”

“ते सोड अन् इकडं ये. आमची तूर ज्यांच्या दालमिलला जाते ना, त्या गुरुबसप्पांनी नवं घर बांधलंय. बाहेरगावचा ठेकेदार नुसती चित्रं दाखवून गेला, आता फोन उचलत न्हाई. मी म्हणलं, आम्ही करू.”

“आम्ही म्हंजे कोण?”

“तू अन् मी. अजून कोण हाय?”

महामाया आधी मुदखेडला गेली. जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं की परीक्षा परत देणार नाही, लातूरला बागा करण्याचं काम घेणार आहे.

धुरपताबाई भांडी घासता घासता थांबल्या. “बागा करायच्या म्हंजे? माळ्याचं काम?”

“माळ्याचंच, माय. पण आराखडा आपला, झाडं आपण निवडायची, माणसं आपण लावायची.”

“खुरपं सुटावं म्हणून शिकवलं तुला. अन् तू डिग्री घेऊन खुरपंच धरलंस.”

त्या रागानं बोलल्या असत्या तर महामायानं उत्तर दिलं असतं. पण त्या अगदी हळू बोलल्या, आणि ती उरलेली भांडी विसळायला बसली. ज्ञानोबा चपला घालून स्टेशनाकडं गेले. शेजारणींनी विचारलं तेव्हा धुरपताबाईंनी सांगून टाकलं, “लेक लातूरला हापिसात हाय.”

गुरुबसप्पांना काय पाहिजे ते पक्कं ठाऊक होतं. “हिरवंगार लॉन. गेटपासून पायरीपर्यंत. पाव्हणा आला की डोळे गार झाले पायजेत.”

“आप्पा, एवढ्या लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी लागंल,” महामाया म्हणाली. “बोअर आटला तर?”

“टँकर आणू.”

लातुरात टँकर हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. रेल्वेनं पाणी आलं ते साल अजून सगळ्यांच्या ध्यानात आहे. ओसरीत बाजेवर गुरुबसप्पांच्या आई बसम्मा बसल्या होत्या. निलंग्याकडच्या सीमेवरचं त्यांचं माहेर, त्यामुळे राग आला की मराठीत कानडी मिसळायची.

“लॉन म्हंजे काय रे?” त्यांनी विचारलं.

“गवत, अव्वा. मऊ गवत.”

“हुल्लू?” कानडीत हुल्लू म्हणजे गवत. “हुल्लू गुरांना लागतंय. आपल्या दारात आता एक तरी म्हैस हाय का? खाणार कोण, तू?”

आरतीनं हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली. बसम्मा पोरींकडं वळल्या. “मला मोगरा पायजे. अन् एक बेल. लिंगपूजेला पान बाजारातून आणायचं म्हंजे कसलं मोठं घर हे?”

मग तोड निघाली. पायरीजवळ पाव्हण्यांपुरता गवताचा लहानसा गोल, आणि बाकी सगळीकडं कमी पाण्यावर जगणारी, तरी बारमाही फुलणारी झाडं. कण्हेर, पांढरा चाफा, तगर, जास्वंद, बोगनवेल. मोगऱ्याचा वाफा बसम्मांच्या खिडकीखाली. आरतीनं रात्रंदिवस बसून सुंदर आराखडा काढला. गेटपासून पायरीपर्यंत फुटक्या शहाबादी फरशीची वाट, आणि ती वाट मध्ये एक झोकदार वळण घेणारी.

प्रत्यक्षात खणायला घेतलं तेव्हा वरच्या वीतभर मातीखाली सगळा बांधकामाचा मलबा निघाला. सिमेंटचे गोळे, विटा, पत्र्याचे तुकडे, जोड हरवलेली चप्पल. चार मजूर, दोन पदवीधर, आणि ट्रॉलीमागून ट्रॉली मलबा. आरतीची नखं गेली, महामायाचा चेहरा उन्हानं रापला. संध्याकाळी दोघी खोलीवर येऊन खिचडी शिजायच्या आत झोपून जायच्या. आणि तरीही सकाळी उठल्या की पहिलं बोलणं बागेचंच असायचं.

एक दिवस ज्ञानोबा कुणाला न सांगता लातूरला आले. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती द्यायला आलो असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. खरं म्हणजे लेक काय काम करते ते डोळ्यांनी पाहायचं होतं. ते सरळ आत गेले नाहीत. रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्याशी उभे राहिले.

गेटपाशी मातीची ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. महामाया डोक्याला रुमाल बांधून ट्रॉलीवर चढली होती आणि माती हातात घेऊन पाहत होती.

“हिच्यात हराळीच्या मुळ्या हायत,” ती ड्रायव्हरला म्हणाली. “ही माती मी घेणार न्हाई.”

“ओ मॅडम, मातीत मुळ्या असायच्याच की.”

“एकदा हराळी आत आली की पुढची दोन वर्सं आम्ही तीच उपटत बसू. शेतमालकाला सांगा, परवा बोललो तीच माती पायजे. चहा घ्या अन् मग जावा.”

आवाज चढला नाही, हात हलला नाही. ड्रायव्हर कुरकुरला, चहा प्याला आणि ट्रॉली घेऊन परत गेला. गाड्यावरच्या चहावाल्यानं ज्ञानोबांना विचारलं, “कुणाला बघून राहिलात काका?”

“आमच्या गँगला असा एक मेट होता,” ज्ञानोबा म्हणाले. मेट म्हणजे गँगचा म्होरक्या. “त्यानं न्हाई म्हणलं की साहेब बी न्हाई म्हणायचा.” मग पेला ठेवून त्यांनी रस्ता ओलांडला.

महामायानं बापाला पाहिलं आणि मातीचे हात तसेच पाठीमागं लपवले. ज्ञानोबांनी पिशवी पुढं केली. “पीठ आणलंय. हात धू अन् घे.” पण संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते ते गेले नाहीत. शेषेरावांच्या घरी मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी दोघी मैत्रिणी बेलाचं झाड निवडायला नर्सरीत गेल्या. जाताना महामाया म्हणाली, “बाबा, तुम्ही सावलीत बसा. कामाला हात लावू नका.”

ज्ञानोबा काही वेळ सावलीत बसले. मजूर वाटेसाठी फरशीचे तुकडे नुसते टाकून राहिले होते. ते बघून त्यांना राहवेना. जन्मभर रूळ सरळ ठेवलेला माणूस तो. त्यांनी सुतळी मागितली, गेटाला एक खुंटी ठोकली, पायरीला एक ठोकली, आणि मजुरांना असा काही हुकूम सोडला की कुणी ‘आराखड्यात असं न्हाई’ म्हणायला धजला नाही. दुपारपर्यंत गेटपासून पायरीपर्यंत वाट तयार झाली. बाणासारखी सरळ. एक तुकडा इकडं न्हाई की तिकडं न्हाई.

दोघी टेम्पोत बेल घेऊन परत आल्या तेव्हा ज्ञानोबा वाटेच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे होते. घामानं सदरा चिकटलेला, चेहऱ्यावर समाधान. आरतीनं त्या सरळ वाटेकडं पाहिलं, मग महामायाकडं पाहिलं आणि टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलायला निघून गेली.

“बाबा,” महामाया म्हणाली, “लई नीट बसवलीय. पण ही वाट वळते.”

“कुठं वळते? बघ की, किती सरळ हाय.”

“वळायला पायजे होती. इथं, मधी.”

ज्ञानोबांनी मधल्या जागेकडं पाहिलं. “वळायचं कारण काय? काही आडवं हाय का?”

“न्हाई.”

“मग?”

“माणसानं हळू चालावं म्हणून. सरळ वाट असली की माणूस घरात घुसतो. वळण असलं की जरा बघतो.”

“रूळ बी वळतोय,” ज्ञानोबा म्हणाले. “पर उगंच वळत न्हाई. कुठं डोंगर असतो, कुठं वढा असतो. उगं वळवला तर डायवर शिव्या देईल. तुझ्या वळणाला काहीतरी कारण दे, मग मी वळवतो.”

महामाया हसली, आणि हसता हसता टेम्पोकडं पाहिलं. आराखड्यात बेलाची जागा मागच्या कोपऱ्यात होती, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून. ती आरतीकडं गेली. दोघींची कुजबुज झाली, आरतीनं जागेवरच मान डोलावली. बेल मधोमध लावायचा ठरला, आणि वाट त्याला वळसा घालून जाणार. शिवाय तिथून तो बसम्मांच्या बाजेवरून दिसणार होता.

“आता कारण हाय,” ज्ञानोबा म्हणाले, आणि स्वतःच बसवलेल्या फरश्या स्वतःच उपटायला बसले. सुतळी सैल सोडून, खुंट्या पुढंमागं करत त्यांनी वळण असं आणलं की आरती मोबाईलवर फोटोमागून फोटो काढत राहिली. त्या दिवशी जेवताना ज्ञानोबा नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त जेवले.

घरभरणी ठरली. धुरपताबाईंनाही बोलावणं गेलं, स्वतः गुरुबसप्पांचा फोन. त्या येतील की नाही हे महामायाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आदल्या दिवशी सकाळी दोघी ज्ञानोबांसोबत पोचल्या तर मांडववाल्यांनी मोगऱ्याच्या वाफ्यात खांब रोवायला सुरुवात केली होती. दोन रोपं मुळासकट बाहेर. महामाया ती सावलीला न्यायला धावली. आरती मांडववाल्यांशी भांडायला लागली, मांडववाला म्हणे, खांब कुठं हवेत रोवू का. ज्ञानोबांनी दोघांनाही थांबवलं. मांडववाल्याला बाजूला घेऊन बिडी दिली, त्याचं गाव विचारलं, आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, “खांब गवताच्या गोलात रोवा. गवत काय, पंधरवड्यात परत येतंय.” महामायानं उपटलेली रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून पुन्हा लावली. त्यातलं एक जगलं.

घरभरणीच्या दिवशी माणसांचा लोंढा आला. अडतवाले, मिलवाले, पाव्हणे, क्लासवाले. गर्दी झाली की माणूस वाट सोडतो आणि वाफ्यात पाय टाकतो, हे ज्ञानोबांना रेल्वेच्या फाटकावरून ठाऊक होतं. त्यांनी मांडववाल्याकडून लाल कापडाचा एक तुकडा मागून घेतला, काठीला बांधला, आणि बेलापाशी वळणावर उभे राहिले. कुणाचा पाय वाफ्याकडं वळला की झेंडी आडवी. वाट मोकळी झाली की झेंडी खाली. मोठी माणसं आधी चपापली, मग हसली आणि रांगेनं वळसा घालून जाऊ लागली. लहान पोरांनी तर एकमेकांचे सदरे धरून आगगाडीच केली, आणि वळणावर आल्यावर झेंडी मिळेपर्यंत शिट्ट्या मारत थांबायला लागली. गुरुबसप्पा पायरीवरून बघत होते. “ठेकेदाराच्या चित्रात ह्ये नव्हतं,” ते आरतीला म्हणाले.

धुरपताबाई दुपारी आल्या. बुद्धपौर्णिमेला नेसायचं ठेवणीतलं पांढरं लुगडं, कडक घडी. गेटातून आत आल्या आणि थांबल्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना गलांडा फुललेला होता. लाल, पिवळा, काठांना जळल्यासारखा. त्यांनी जन्मभर तोडलेला तोच गलांडा. नवऱ्यानं त्यांना पाहून हसून झेंडी खाली केली. त्या हळूहळू चालत बेलाला वळसा घालून आल्या आणि सावलीतल्या बाकावर बसल्या. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. फुलं समोर आहेत आणि तोडायची नाहीत, असं आजवर कधी झालं नव्हतं.

शेजारी नीटनेटकी एक बाई येऊन बसली, कुणा व्यापाऱ्याची बायको असावी. “काय झकास बाग केलीय,” ती म्हणाली. “पुण्याचे लोक बोलावले असतील.”

“पुण्याचे कशाला,” धुरपताबाई म्हणाल्या. “मुदखेडचे हायत. माझी लेक हाय ती. ती तिकडं, पाईप धरून उभी हाय ना, ती. बाग करायची डिग्री हाय तिच्याकडं.”

“आमच्या टेरेसवर करून देतील का हो?”

“विचारावं लागंल,” धुरपताबाई म्हणाल्या. “लई बिझी असती ती.”

महामायाला तेवढ्या अंतरावरून हे ऐकू येत होतं. पाण्याचा पाईप तसाच हातात राहिला आणि पाणी तिच्या स्वतःच्या चपलांवर पडत राहिलं.

त्यानंतर गोष्टी आपोआप पुढं सरकल्या. टेरेस झाला, मग एका क्लासच्या वसतिगृहाचं अंगण, मग नांदेडला एका सोसायटीची मोकळी जागा. शेषेरावांनी बांधालगतचा एक तुकडा दिला, तिथं दोघींची नर्सरी उभी राहिली. कॉलेजातल्या खालच्या वर्गातली मुलं फोन करायला लागली, “ताई, परीक्षा बिरीक्षा चाललीच हाय, पण तुमच्याकडं काही काम हाय का?” त्यातला प्रीतम ठिबकच्या नळ्या टाकण्यात पटाईत निघाला, तो कायमचाच राहिला. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका बागेतली जास्वंद मावा कीड पडून गेली, एका मालकानं हौसेनं लावलेली झाडं तोडून तिथं गाडी लावायला शेड केली. महामाया दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली.

मागच्या महिन्यात किनवटच्या एका आश्रमशाळेतून मुख्याध्यापक आनंदराज सरांचा निरोप आला. वसतिगृहासमोरचं पटांगण उघडंबोडकं आहे, सावली पाहिजे. मुदखेडहून किनवटला जाणारी गाडी म्हणजे ज्ञानोबांचा जुना इलाका. ते खिडकीशी बसून महामायाला आणि आरतीला एकेक पूल, एकेक वळण सांगत होते, कुठं पावसात भराव वाहून गेला होता, कुठं अस्वल रुळावर आलं होतं. त्यातलं किती खरं होतं हे आरतीला कळेना, पण तिनं सगळं ऐकलं.

पटांगणात वसतिगृहातली पोरं वाट बघत उभी होती. महामायानं आराखडा उलगडला. कडुनिंब, करंज, कडेला बहावा. आनंदराज सर मान डोलावत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, “ताई, ह्यातलं खायचं कोणतं?”

“खायचं?”

“चिंच लावा की. अन् बोर. अन् जांभूळ.”

“बोराला काटे असतात,” सर म्हणाले.

“असू द्या सर, आम्हाला चालतात.”

मग सगळेच बोलायला लागले. कुणाला सीताफळ पाहिजे होतं, कुणाला आवळा, एकाला फणसच पाहिजे होता आणि तो काही केल्या ऐकेना. आरतीनं पेन्सिल काढली आणि पहिला कागद उलटा करून मागच्या बाजूला नवीन आराखडा काढायला घेतला. महामाया पोरांच्या घोळक्यात खाली मातीत बसली आणि विचारू लागली, चिंच कोणाला कुठं हवी ते नीट सांगा, सगळ्यांनी एकदम बोलू नका. कुणीच ऐकलं नाही, सगळे एकदमच बोलत राहिले.